एकट्याने उचलू नये

अमेरिकी लष्कराला माणसाच्या कमरेची भारी काळजी. त्यांच्या मिल-एसटीडी-१४७२ या मानकात खोक्यांचीही मर्यादा ठरलेली आहे: बाई असो वा बुवा, एकट्याने जमिनीवरून तीन फुटांपर्यंत उचलायचं ते ४४ पौंड, म्हणजे २० किलो. त्याहून जड असेल तर दुसरा गडी बोलवा, गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा.

हे झालं गोदामात. २००३ साली अफगाणिस्तानात याच लष्कराने आपल्या छत्रीधारी पायदळाचं ओझं मोजलं. लांबच्या कूचेला सरासरी भरलं १०१ पौंड. ४६ किलो! नियमपुस्तकात ७२ पौंड होतं, पण पुस्तक कुणी डोंगर चढत वाचतं का? बरं, ओझं कमी करायला म्हणून नवं यंत्र येतं. त्याच्यामागून त्याची बॅटरी येते, बॅटरीमागून जादा बॅटरी. लग्नाला मामा आला की मामाची पोरं येतात तशी.

मग गुडघे जातात, कंबर धरते. सैनिक मोहिमेवर जायला नालायक ठरण्यामागे हाडा-सांध्यांची दुखणी आघाडीवर असतात. शत्रूचा नंबर मागून.

मानक मात्र कुठेच मोडलेलं नाही. ते खोक्यांसाठी आहे, आणि जवान काही खोकं नव्हे.