बेदाण्याकडे कुतूहलाने पाहा

छातीत धडधडायला लागलं की माणूस आधी हृदयाच्या डॉक्टरकडे जातो. मीही गेलो. ईसीजी झाला, टूडी इको झाला, ट्रेडमिलवर धावून झालं. सगळं नॉर्मल. मग पोटाचे डॉक्टर झाले. तिथेही नॉर्मल. दोघांनीही निरोप देताना एकच सल्ला दिला, "टेन्शन मत लीजिए." नोएडाहून गुरुग्रामला आश्रम, धौला कुआँ आणि सिरहौल बॉर्डर ओलांडून रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाने ते कसं घ्यायचं नाही, हे मात्र एकाही चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

शेवटी हिने ग्रेटर कैलाशमधल्या एक होलिस्टिक मेंटल हेल्थ थेरपिस्ट शोधून काढल्या. त्याआधी सोसायटीतून एक नाव आलं होतं. ते गृहस्थ कपाळावर स्फटिक ठेवून काशाची वाटी वाजवतात. हिने त्यांना फोन करून फक्त शिक्षण विचारलं आणि पलीकडून 'ऊर्जा' हा शब्द आल्याबरोबर फोन ठेवला. हिचं म्हणणं बरोबरच होतं. 'होलिस्टिक' अशी पाटी लावायला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या नोंदवहीत नाव लागतं, आणि गोळ्या लिहून द्यायचा अधिकार सायकिअॅट्रिस्टचा. आमच्या मॅडमचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला होता. हिने त्याचा फोटो काढला.

ऑफिसात ही गोष्ट फक्त एकाला सांगितली. तो म्हणाला, "मतलब अब शाहदरा?" दिल्लीत शाहदरा म्हणजे आपल्याकडचं येरवडा. पूर्वी तिथे मनोरुग्णालय होतं. आता त्याच जागी इहबास ही मोठी संस्था आहे, पण थट्टा जुनीच चालू आहे. दिल्ली मेट्रोचा पहिला मार्ग २००२ साली शाहदऱ्यापासूनच सुरू झाला. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

तासगावला फोन करून आईला सांगितलं तर ती म्हणाली, "डोस्क्याचा डाक्टर? का रं, कुणी काय केलं तुला?"

पहिल्या भेटीत उपचार असतो असं मला वाटलं होतं. पहिल्या भेटीत फॉर्म असतो. झोप किती, चहा किती, पोट साफ होतं का, रात्री शेवटचं काय पाहता, वाईट वाटलं तर कुणाला फोन करता, आध्यात्मिक श्रद्धा कोणती. शेवटच्या रकान्यात मी 'आईची पंढरीची वारी आणि माझा पहाडगंजचा गणपती' असं लिहिलं. त्यानंतर नऊ प्रश्नांचा एक कागद. गेल्या दोन आठवड्यांत काय काय किती वेळा वाटलं, त्याला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. जन्मात पहिल्यांदा अशी परीक्षा पाहिली जिच्यात कमी गुण मिळाले की घरचे खूश. कामात रस वाटत नाही का, या प्रश्नाशी मी बराच वेळ थबकलो, कारण आमच्या ऑफिसात तो अप्रेझलच्या फॉर्मवर घातला तर मजला रिकामा होईल. नववा प्रश्न मात्र थट्टेचा नाही. जीव नकोसा वाटतो का, असा तो आहे. तिथे शून्याशिवाय दुसरं काही लिहिलं की बाकीचा कागद बाजूला राहतो आणि आधी तेवढंच बोललं जातं. हे मला फार आवडलं.

मग गुप्ततेची बोलणी. इथे बोललेलं इथेच राहील, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्यानेच मागितलं तर गोष्ट वेगळी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच केला आहे. ज्या सोसायटीत माझ्या घरी किती वाजता कोण आलं हे गेटवरच्या अॅपला माझ्याआधी कळतं, तिथून आलेल्या माणसाला हे ऐकून भरून आलं.

होलिस्टिक म्हणजे काय, हे दुसऱ्या भेटीत कळलं. मनाला हात घालण्याआधी मॅडमनी थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह आणि डी जीवनसत्त्व तपासून आणायला सांगितलं. थायरॉइड बिघडलं तरी धडधडतं, आणि त्यावर बालपणाची चर्चा करून उपयोग नसतो. थायरॉइड ठीक निघालं. डी इतकं कमी की लॅबवाल्याने कागदावर लाल खूण केली होती. सूर्य आमच्याकडे आहे, पण नोव्हेंबरात तो धुरामागे असतो.

आणि त्याच नोव्हेंबरात मॅडमनी श्वसन सुरू केलं. "खोल श्वास घ्या." मी खिशातून फोन काढून 'समीर' दाखवला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अॅपचं नाव समीर आहे. सरकारी खात्यात इतका खट्याळ विनोद कुणाला सुचला, त्याला भेटायला हवं. चारशेच्या वर आकडा गेला की हवा 'गंभीर'. २०२४ च्या १८ नोव्हेंबरला तर तो ४९० च्या पुढे होता. सरकार म्हणतं दारं लावून बसा, आणि मॅडम म्हणतात पोटापर्यंत आत घ्या. त्यांनी शांतपणे खिडकी लावली, प्युरिफायर वाढवला आणि म्हणाल्या, "घेताना चार मोजा, सोडताना सहा." सोडणं लांबलं की हृदयाची गती उतरते, त्यामागे व्हेगस नावाचा मज्जातंतू आहे. दिल्लीच्या हवेत घेण्यापेक्षा सोडण्यावर भर देणारं शास्त्र मला जागच्या जागी पटलं.

पण खरी गंमत बेदाण्याची. जॉन कबात-झिन नावाच्या गृहस्थांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एक बेदाणा हातावर देतात. तो बघायचा, चाचपायचा, हुंगायचा, कानाशी धरायचा आणि मग सावकाश खायचा. मॅडमनी एक बेदाणा माझ्या तळहातावर ठेवला. "इसे ऐसे देखिए जैसे ज़िंदगी में पहली बार देख रहे हैं."

मी तासगावचा. आमच्याकडे पोरगं चालायला लागतं ते बेदाण्याच्या शेडमध्ये. मी बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "गंधकाची धुरी जास्त बसलीय. आणि देठ काढलेलं नाही."

"निष्कर्ष नको. फक्त बघा."

बघितलं. बघताना द्राक्षं आठवली, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवलेले घड, जाळ्यांवर पंधरवडाभर वाळणारा माल, आणि बाजार समितीतले सौदे. सौद्यात व्यापारी मुठीने माल उचलायचा, बघायचा आणि उरलेला उधळायचा. बॉक्समागे तूट धरायचे ती वेगळीच. वडील, म्हणजे आमचे आण्णा, बाजूला उभे असायचे. मुठीगणिक त्यांच्या जबड्याचं हाड हलायचं. बोलायचे नाहीत, कारण बोललं तर दर पडायचा.

"अभी सीने में कुछ हुआ?" मॅडमनी विचारलं.

झालं होतं. तीच धडधड, जिच्यासाठी मी ट्रेडमिलवर धावून आलो होतो. असं हल्ली कुठे होतं, हा पुढचा प्रश्न. मी लगेच "कुठेच नाही" म्हणालो, आणि मग सोमवारची रिव्ह्यू मीटिंग आठवली, जिच्यात साहेब माझ्या स्लाइड्स एकेक बघतात आणि भिरकावतात.

"मग मी आता काय करू?"

"आपको क्या लगता है?"

दिल्लीत सल्ला फुकट मिळतो. रिक्षावाला देतो, लिफ्टमध्ये शर्मा अंकल देतात, लग्नात अनोळखी माणूस ताट धरून देतो. तो न देण्याचे पैसे घेणारी ही एकच जागा. तक्रार केली तर हिने सरकारची टेलिमानस हेल्पलाइन सुचवली. १४४१६, फुकट, मराठीतसुद्धा. पण तिथे बेदाणा नाही.

पुढच्या भेटीच्या आधी गावाकडून पार्सल आलं. मॅडमनी पोराला असला बेदाणा दिला म्हणून आईला लाज वाटली होती. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि दिल्लीत खारी बावलीतला अफगाणी माल खातात, हे तिला सहन झालं नाही. मॅडमनी बॉक्स हातात घेतला, कौतुकाने वास घेतला आणि परत दिला. भेटवस्तू घेणं त्यांच्या पेशात बसत नाही. "मैंने मना किया, आपको कैसा लगा?" यावर मी उरलेला सगळा वेळ बोललो, आणि घड्याळ बघून मॅडमनाच मला थांबवावं लागलं.

संध्याकाळी आईला फोन केला. घेतला नाही म्हणालो.

"फुकट नको असंल बाईला," आई म्हणाली. "इकत घ्या म्हणावं मग. सौद्याच्या दरानं लावतो. तूट धरायची नाही, एवढं मातुर आधी सांग."