टॅक्सवाल्यांकडचा माणूस

टॅक्सवाल्यांकडच्या माणसाला लग्नात कुणी धड जेवू देत नाही. मठ्ठ्याची वाटी तोंडाला लागते न लागते तोच नवरीचे मामा शेजारची खुर्ची ओढून बसतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "काय हो, जुनी रिजीम बरी की नवी?" यावर त्याने "तुमचं उत्पन्न साधारण किती?" असं विचारलं की मामांना एकदम जिलबी आठवते.

हा माणूस स्वतः सीए नसतो. पाटीवर नाव सरांचं असतं. हा बी.कॉम. झालेला, इंटरचा एक ग्रुप सुटलेला आणि दुसरा 'देतोय' असं गेली कित्येक वर्षं सांगणारा. ऑफिस लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना ज्याला दम लागतो तो पक्षकार नवा, जुना पक्षकार खालूनच फोन करतो, "कुणाला तरी खाली पाठवा, पिशवी न्यायला." पिशवीत वर्षभराची बिलं, बँकेची स्टेटमेंटं, नातवाच्या शाळेची पावती आणि एखादी लग्नपत्रिका असते. ती पत्रिका याच्यासाठी नसते, चुकून आलेली असते.

या नोकरीचा मोठा फायदा म्हणजे माणसं आतून दिसतात. पेठेत कुणाचं काय चाललंय ते बायकोच्या आधी याला कळतं. विशेषतः 2021 पासून आयकराच्या पोर्टलवर एआयएस हे वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक आलं आणि व्याज, शेअर्स, म्युच्युअल फंड सगळं एका पानावर दिसू लागलं. निवृत्त मुख्याध्यापक समोर बसून ठणकावून सांगतात, "पेन्शनशिवाय एक पैसा नाही हो आपल्याला." हा नम्रपणे पडदा त्यांच्याकडे वळवतो. "सर, या पाच एफडी...?" मुख्याध्यापक दाराकडे बघतात. "हळू बोला. ही बाहेर बसलीये."

तोटा हा की एवढं सगळं कळूनही सांगायचं कुणाला नाही. घरी बायको विचारते, समोरच्या बंगलेवाल्यांना एवढा पैसा येतो कुठून? याला उत्तर ठाऊक असतं. ज्या माळरानावर कुसळ उगवत नाही, तिथे त्यांची कागदोपत्री द्राक्षं दरवर्षी भरघोस येतात, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पण हा आमटीत बघत म्हणतो, "असेल काहीतरी धंदा."

पगारदार पक्षकारांची तऱ्हा वेगळी. वडिलांच्या घरात राहून वडिलांनाच भाडं दिल्याचं दाखवायचं, हा अनेकांचा आवडता कार्यक्रम. भाडं खरोखर देत असाल आणि वडील ते आपल्या उत्पन्नात धरत असतील, तर कायद्याचं काही म्हणणं नाही. पण बारा महिन्यांच्या बारा पावत्या एकाच पेनाने, एकाच दुपारी, वडील गाढ झोपेत असताना लिहिल्या जातात. मग भाडं वर्षाला लाखाच्या वर गेल्यामुळे वडिलांचा पॅन नंबर लागतो आणि घरात महाभारत होतं. त्यातही मध्यस्थीसाठी यालाच फोन.

त्याचं पंचांग वेगळं. सात तारखेला टीडीएसचं चलन, अकराला जीएसटीआर-वन, विसाला थ्री-बी, जून-सप्टेंबर-डिसेंबर-मार्चच्या पंधराला ॲडव्हान्स टॅक्स. आषाढी कधी हे त्याला विचारू नका, पगारदारांच्या रिटर्नची 31 जुलै विचारा. योगायोग असा की आयकर दिनही जुलैतच, 24 तारखेला येतो. जेम्स विल्सन या इंग्रज साहेबाने 1860 साली हिंदुस्थानात आयकर आणला, तो 24 जुलैला लागू झाला आणि पुढच्याच महिन्यात साहेब कलकत्त्यात आमांशाने वारले. त्यांना एकही ड्यू डेट बघावी लागली नाही. आपल्या माणसाला दरवर्षी बघावी लागते, तीही मुदतवाढीच्या अफवांसकट. 2025 साली 31 जुलैची मुदत आधीच 15 सप्टेंबरवर नेलेली होती. त्या रात्री पोर्टल कण्हत होतं, ओटीपी येत नव्हते, हा डोळ्यांत तेल घालून रिटर्न ढकलत होता आणि बाराच्या सुमारास सरकारने आणखी एक दिवस दिला. ज्यांच्यामागे तो आठवडाभर लागला होता ते पक्षकार फोनवर जांभई देत म्हणाले, "मग उद्याच बघू की."

पूर्वी नोटीस आली की निदान आयकर कार्यालयात जाणं व्हायचं. शिपायाशी ओळख, साहेबांच्या दाराबाहेर बाकावर तास दोन तास, कँटीनचा चहा. आता फेसलेस कारभारात नोटीसही पोर्टलवर आणि उत्तरही पोर्टलवर. समोर साहेबच नसल्यामुळे याचं नम्रपणे उभं राहण्याचं कौशल्य वाया गेलं. त्यापाठोपाठ पाठांतरही गेलं. 1961 च्या कायद्याची कलमं त्याला झोपेत येत. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आला. ज्या 80सीच्या जिवावर निम्म्या महाराष्ट्राने विमा उतरवला ते कलम आता 123 झालं. असेसमेंट इयर म्हणजे काय हे पक्षकाराला समजावण्यात याची हयात गेली. नव्या कायद्यात ते इयरच नाही.

माझ्या मते यातला सगळ्यात बोचरा भाग म्हणजे सीए होण्यासाठी आर्टिकलशिप करणारी पोरं. पूर्वी तीन वर्षांसाठी यायची, आता दोन. व्हाउचर कसं तपासायचं, चिडलेल्या पक्षकाराला चहा कधी विचारायचा, हे त्यांना हाच शिकवतो. पुढे ती पास होऊन सह्या करू लागतात. काल ज्याला 'अरे' म्हटलं त्याला आज 'सर' म्हणताना याची जीभ अडखळत नाही, हे मी पाहिलंय. ते मला जमलं नसतं.

पगाराबद्दल काय बोलावं? नव्या रिजीममध्ये 12 लाखांपर्यंत टॅक्स शून्य झाला तेव्हा देशाने जल्लोष केला. याला फरक पडला नाही, याचा आधीही शून्यच होता. त्यात फी वसूल करण्याचं कामही याच्याच गळ्यात. रिटर्न उशिरा भरल्याचे 5,000 रुपये सरकारला निमूट भरणारा गृहस्थ याच्या बिलावर मात्र म्हणतो, "अहो, बटणं तर दाबायची असतात. पाचशे कमी करा."

तुमच्याही घरी असा एखादा माणूस येत असेल, तर त्याच्यासाठी एवढं करा. फॉर्म सोळा जूनअखेर पाठवा, ओटीपी मागितला की 'कशाला हवा?' न विचारता सांगा, एफडी लपवू नका. आणि यंदा दिवाळीला सोनपापडीचा डबा देऊ नका, गेल्या वर्षीची फी द्या.