आळशी माणसाचं पक्षीनिरीक्षण : नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

उपनगरात तळमजल्यावर घर आहे. मागे घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीची एक पट्टी उरली आहे. तिथे आधीच्या मालकाने लावलेला पेरू, आपोआप उगवलेली पपई, कढीपत्ता आणि एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची आहे. आणि रविवारी सकाळी चहाबरोबर 'अहो, ती मागची जागा एकदा साफ करून घ्या' हे वाक्य ऐकावं लागतं. अशा सर्व गृहस्थांसाठी ही मार्गदर्शिका आहे.

हिचा सिद्धान्त एकच : मागची जागा साफ करायची नाही. कारण विचारलं तर 'पक्षीनिरीक्षण' असं सांगायचं. हे कारण शास्त्राच्या आधारावर कसं टिकवायचं, ते पुढच्या पाठांत आहे.

पाठ १ : साहित्य

*खुर्ची.* वर उल्लेख केलेली चालेल. चौथ्या पायाखाली वीट लावावी. वीट हलली की पक्षी उडतात, त्यामुळे न हलण्याची सवय आपोआप लागते.

*दुर्बीण.* नवशिक्यांना बहुधा ८ × ४२ अशी दुर्बीण सुचवतात. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुकानदार १० × ५० घ्या म्हणेल. हाताची थरथरही दहापट दिसते, हे तो सांगणार नाही. आपल्या पट्टीची रुंदी पाहता पक्षी बऱ्याचदा इतका जवळ असतो की दुर्बिणीत तो नुसता धुरकट दिसतो. शिवाय दुर्बीण डोळ्यांना लावण्याआधी समोरच्या इमारतीच्या बाल्कनीत कोणी नाही ना, हे पाहून घ्यावं. पक्षी गेला तर पुन्हा येतो. अब्रूचं तसं नाही.

*पोशाख.* जंगलात मातकट किंवा हिरवट कपडे घालतात. परसात जुना बनियन पुरतो. त्याचा मूळ रंग कोणता होता हे ओळखता येत नसेल, तर तो उत्तम.

*बंदूक.* नको. सलीम अलींची सुरुवात लहानपणी एअरगनने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या चिमणीपासून झाली. ही कुठली चिमणी हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले मानद सचिव मिलर्डसाहेब यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले आणि देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. आता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पक्षी मारणं तर सोडाच, पिंजऱ्यात पोपट पाळणंही गुन्हा आहे. तेव्हा हात मांडीवर ठेवून बसणं ही सर्वांत कायदेशीर पद्धत.

पाठ २ : वेळ

इतर पुस्तकं सूर्योदयापूर्वी उठायला सांगतात. आपण पक्ष्यांना आपल्या वेळेत बसवणार आहोत.

पहाट : अंथरुणातूनच करावी. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत कोकीळ उजाडायच्या आधीच सुरू होतो. गातो तो नर. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. ती गात नाही, किंचाळते. थोड्या वेळाने टीव्हीच्या डिशवर दयाळ बसतो आणि शीळ घालू लागतो.

दुपार : जेवणानंतर आडवं व्हावं. बाहेर तांबट 'टुक, टुक, टुक' अशी एका लयीत हातोडी मारत असतो. हा आवाज तो चोच मिटून, गळा फुगवून काढतो. झोप लागेपर्यंत मोजत राहावं.

डोळे मिटून केलेलं निरीक्षण धरतात का? धरतात. पक्ष्यांच्या नोंदीत नुसता ऐकलेला पक्षी लिहिला तरी चालतो. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात. भारतातले लोक २०१३ पासून त्यात आहेत. किमान अट सलग पंधरा मिनिटांची. पंधरा मिनिटं एका जागी बसून राहणं ही पात्रता ज्यांच्याकडे जन्मजात आहे, त्यांनी हे क्षेत्र सोडू नये.

पाठ ३ : अधिवास तयार करणे

हा सर्वांत महत्त्वाचा पाठ. यात काय करू नये, त्याची यादी आहे. प्रत्येक कलमापुढे घरच्यांना देण्याचं स्पष्टीकरण जोडलं आहे.

*पाला झाडू नये.* सातभाई नावाचे मातकट पक्षी टोळीने येतात, एकेक पान उलटून खालचे किडे खातात आणि एकमेकांवर सतत खेकसतात. ते नेहमी सातच असतात असं नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखंच हे : कोरम कितीचा हे कोणालाच ठाऊक नसतं, आवाज मात्र पूर्ण असतो. पाला झाडला की ते शेजारच्या सोसायटीत जातात.

*वाळकी फांदी तोडू नये.* तांबट मऊ पडलेल्या वाळक्या लाकडात चोचीने गोल भोक पाडून घर करतो. जुन्या झाडाला ढोली असेल तर पिंगळ्यांची जोडी दिवसा तिथून डोळे वटारून पाहते. अपवाद : फांदीखाली सचिवांची गाडी उभी राहत असेल, तर ती तोडून घ्यावी. छंदासाठी पोलीस ठाण्यात जाऊ नये.

*कोळिष्टकं काढू नयेत.* शिंजिराची मादी त्यांच्या धाग्यांनी साल, पानं आणि कचऱ्याचे तुकडे बांधून लोंबतं घरटं करते. नर तेव्हा उन्हात जांभळा चमकत गात असतो आणि मोटारीच्या आरशातल्या स्वतःशी भांडत असतो. शिंपी पक्षी याच धाग्यांनी आणि कापसाने पानांच्या कडा टाचून आत बाळंतघर करतो.

*कढीपत्त्यावर औषध फवारू नये.* पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते, ती बहुधा फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की ती हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून दुभंगलेलं नारिंगी शिंग काढते आणि घाण वास सोडते. शेजारी लिंबू असेल तर त्यावर ब्लू मॉरमॉनही अंडी घालतं. हे आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते जाहीर केलं, तोवर कुठल्याच राज्याला स्वतःचं फुलपाखरू नव्हतं. पोह्यांत कढीपत्ता कमी पडल्याची तक्रार आली तर हा मुद्दा काढावा.

*शेंड्यावरचे पेरू काढू नयेत.* ते पोपटांचे. तसेही तिथवर आपण चढणार नव्हतोच.

*कुंडी हलवू नये,* जर तीत बुलबुलाने घरटं केलं असेल. अंड्यांतून पिल्लं निघायला साधारण दोन आठवडे, ती उडायला जवळजवळ तेवढेच. म्हणजे महिनाभर रंगकाम पुढे ढकलता येतं.

*दाणे टाकू नयेत.* तांदूळ टाकले की आधी पारवे येतात, मग आणखी पारवे येतात आणि बाकीचे यायचे थांबतात. त्यांच्या विष्ठेने फुप्फुसांचे आजार होतात. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करायची वेळ आली आणि प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं. एवढा त्रास एका मूठभर तांदळापासून सुरू होतो.

आता वाईट बातमी. एक काम करावंच लागतं : पाणी. मातीचं पसरट भांडं, दोन बोटं पाणी, सावलीत, मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी. ते घासून रोज बदलायचं. नाही बदललं तर आठवडाभरात त्यातून डास निघतात आणि नंतर महापालिकेचा माणूस येतो.

पाठ ४ : ओळख

पक्षी कोणता हे कळण्याआधी तो केवढा हे ठरवतात. मापं चार : चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा. 'बुलबुलापेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान' एवढं म्हणता आलं की माणूस जाणकार दिसतो.

नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, 'तो काळा पक्षी कोणता?' विजेच्या तारेवर बसून मधेच झेप घेतो आणि किडा धरून तिथेच परततो, शेपूट शेवटी दुभंगलेली : कोतवाल. काळा-पांढरा, शेपूट उभारून नाचतो : दयाळ. पानांत लपलेला, नुसता आवाज : कोकीळ. अंगठ्याएवढा, फुलाशी : शिंजीर. जमिनीवरून सावकाश चालत येतो, पंख विटकरी, डोळे लाल : भारद्वाज.

भारद्वाज दिसला की घरातले सगळे धावत येतात, कारण त्याचं दर्शन शुभ मानतात. तो सरडे, गोगलगायी आणि इतर पक्ष्यांच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं शोधत फिरत असतो. हा तपशील सांगून वातावरण बिघडवू नये.

पाठ ५ : कावळा

यावर स्वतंत्र पाठ आहे, कारण तो इतर सर्व पाठ आधीच शिकून बसला आहे. वर्षभर आपण त्याला हाकलतो, भाद्रपदात पान वाढून त्याची वाट पाहतो आणि तेव्हा तो समोरच्या गच्चीवर बसून आपली पंधरा मिनिटांची अट पूर्ण करून घेतो.

उन्हाळ्यात त्याचं घरटं जवळ असेल तर तो डोक्यावर टोच मारतो. छत्री न्यावी. घरट्यात काटक्यांबरोबर तारांचे तुकडेही सापडतात. वाळत घातलेल्या कपड्यांचा तारेचा हँगर हरवला असेल तर मोलकरणीला विचारण्याआधी वर पाहावं. एवढ्या हुशार पक्ष्याच्या घरट्यात कोकिळा अंडं घालून जाते आणि तो ते पिल्लू वाढवतो. हुशार माणसांनी यावर फार बोलू नये.

पाठ ६ : चार पायांचे आणि बिनपायांचे

*खार.* पाठीवर रामाच्या तीन बोटांच्या रेघा, अशी गोष्ट आपण ऐकलेली असते. प्रत्यक्षात तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन खारी आहेत. परसातली कोणती, ते मोजावं. ती थांबणार नाही.

*साप.* आळसाची मर्यादा इथे संपते. वाळलेला पाला हा अधिवास. विटांचा ढीग, भंगार आणि खरकटं हे घुशीला आमंत्रण, आणि घुशीमागून साप येतो. ते उचलून टाकावं. आलेला साप बहुधा बिनविषारी धामण असते, पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हेही महाराष्ट्रातच राहतात. पाहुणा कोणता, हे ठरवायला जवळ जाऊ नये. मुलं आत घ्यावीत, लांबून नजर ठेवावी, वनविभागाला किंवा सर्पमित्राला फोन करावा. मारू नये. शेपूट धरून फोटो काढू नये. तो फोटो पुढे हार घालून वापरतात.

*बिबट्या.* हा भाग बोरिवली, मुलुंड आणि ठाण्याच्या येऊरकडच्या वाचकांसाठी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणाऱ्यांच्या सीसीटीव्हीत तो अधूनमधून दिसतो. तो आपल्यासाठी येत नाही. उघड्या कचऱ्यावर भटकी कुत्री जगतात, तो त्यांच्यासाठी येतो. तेव्हा कचराकुंडीवर झाकण घालावं. हे एकमेव निरीक्षण खिडकी लावून करावं.

पाठ ७ : आणीबाणी

पावसाळ्याच्या तोंडावर खाली पडलेलं पिल्लू सापडतं. अंगावर पिसं आली असतील, ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं. आईबाप जवळच असतात आणि आपण निघून जाण्याची वाट पाहत असतात. त्याला दूधपोळी भरवू नये, खोक्यात घालून आत नेऊ नये. मांजराची भीती असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवावं. माणसाचा हात लागला की आईबाप टाकून देतात, हे खरं नाही. मग खुर्चीवर परत यावं. काही न करण्याने जीव वाचतो, असे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात.

पाठ ८ : विरोधक आणि युक्तिवाद

वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ दिवाळीपूर्वीची साफसफाई. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. काही वर्षी दिवाळी नेमकी त्यातच येते. झाडू हातात दिला गेला तर शांतपणे या दोघांची नावं घ्यावीत.

दुसरा विरोधक सोसायटीची कमिटी. 'मागे पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग वाढवू' हा ठराव कधीतरी येणारच. तेव्हा भावनिक बोलू नये. पाणी जमिनीत मुरणार नाही, पावसाळ्यात ते कोणाच्या घरात शिरेल, त्या सभासदाचा फ्लॅट नंबर तेवढा सांगावा. तांबट, शिंपी आणि ब्लू मॉरमॉन यांना मतदानाचा हक्क नाही. तळमजल्यावरच्या सभासदाला आहे.

स्वाध्याय

प्र. १. गाळलेली जागा भरा : तांबट ______ मिटून बोलतो. (सभासदांनी हा प्रश्न मोठ्याने वाचावा.)

प्र. २. कारणे द्या :
(अ) शिंजीर आरशातल्या शिंजिराशी भांडतो.
(आ) दाणे टाकले की पक्षी कमी होतात.

प्र. ३. फरक स्पष्ट करा : अधिवास आणि भंगार. (उत्तर घरातल्या जबाबदार व्यक्तीकडून तपासून घ्यावं.)

प्र. ४. कोण कोणास म्हणाले?
(अ) 'हळू बोला, पिंगळा उठेल.'
(आ) 'तुमचं पिल्लू आमच्यापेक्षा मोठं कसं हो झालं?'
(इ) 'रोज त्याच खुर्चीत बसतो, काही खात नाही, काही उलटून पाहत नाही. याचं घरटं कोण बांधतं?'