पड ठेवा, पैसे घ्या!

भाडेकरू असावा तर अमेरिकन सरकारसारखा. दहा ते पंधरा वर्षांचा करार करतो, भाडं दरवर्षी न मागता खात्यात टाकतो, नळ गळतो म्हणून रात्री दार वाजवत नाही आणि मुख्य म्हणजे जागेत राहायलाच येत नाही. अट एकच, जमीन नांगरायची नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर पड लागली की नुकसानभरपाईच्या यादीतून नाव उडतं. तिकडे जमीन पडली की डॉलरही पडतात.

या योजनेचं नाव कन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्राम. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत, 1985 च्या शेती कायद्यातून ती निघाली. त्याआधी सत्तरच्या दशकात कृषिमंत्री अर्ल बट्झ शेतकऱ्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरायला सांगत होते. शेतकऱ्यांनी ऐकलं. उतारावरच्या हलक्या जमिनीही नांगराखाली आल्या, माती वाहून गेली, कोठारं भरली आणि भाव कोसळले. मग सरकारनं तिथंच गवत लावायला सांगितलं आणि लागवडीचा निम्मा खर्चही उचलला.

सह्या होतात कौंटीच्या कचेरीत. कौंटी म्हणजे साधारण आपला तालुका. तिथे देखरेखीला शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली शेतकऱ्यांची समिती असते. आपल्या सोसायटीच्या चेअरमनला हा कारभार मुळीच परका वाटणार नाही. भाडं ठरतं मातीची प्रत आणि त्या भागातला खंडाचा दर पाहून. मर्यादा माणशी वर्षाला 50,000 डॉलर. हे 'माणशी' ऐकून आमच्या जुन्या बागायतदारांना भरून येईल. सीलिंगच्या काळात गोठ्यातल्या बैलालाही खातेदार केल्याच्या कथा आपण उगाच नाही ऐकल्या!

नियम मात्र कडक. पाखरांच्या विणीच्या हंगामात गवत कापायला बंदी. साउथ डकोटात या गवतात फेझंट नावाची पाखरं भरपूर वाढतात आणि हंगामात शिकारी पैसे मोजून त्याच रानात शिरतात. एका पाखराचे दोनदा पैसे: जगावं म्हणून सरकारकडून, मरावं म्हणून शिकाऱ्याकडून.

भाडं मिळतं ते जमिनीवर हक्क असणाऱ्याला. तीच जमीन खंडानं कसू पाहणारा तरुण, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री, खत-बियाण्याचा दुकानदार यांच्यासाठी करारात रकाना नाही. नांगर थांबला की त्यांचा गल्लाही थांबतो. हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. म्हणून तर कौंटीतली साधारण 25 टक्क्यांहून जास्त लागवडीची जमीन योजनेत घेऊ नये, असं कायदाच सांगतो. औषधाच्या बाटलीवरच विषाचं प्रमाण छापलेलं!

गवतानं धूप थांबली, पाणी निवळलं, हे खरंच. 2007 मध्ये सुमारे 3 कोटी 68 लाख एकर जमीन अशी विसावली होती. त्याच वर्षी सरकारनं पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य भरमसाठ वाढवलं. त्यासाठी लागणारा मका तेजीत आला, करार संपत गेले, पुढे अमेरिकन काँग्रेसनं योजनेची कमाल मर्यादाही खाली आणली, आणि दहाएक वर्षांत सव्वा कोटीहून जास्त एकर योजनेबाहेर पडले. वीस वर्षं राखलेलं रान मोडायला ट्रॅक्टरला किती वेळ लागतो?

शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. जिथे चार पैसे जास्त, तिथे तो जाणार. मौज सरकारची. कृषी खात्याची एक खिडकी नांगरू नका म्हणून पैसे देते, दुसरी नांगरलेल्या जमिनीच्या पीक विम्याचा सरासरी 60 टक्के हप्ता भरते. गवत टिकवायचं तर त्याचं भाडं मक्याच्या तोडीचं हवं आणि मक्याची तेजी राखण्याचा विडाही सरकारनंच उचललेला. तेव्हा सरकारची बोली सरकारच्याच विरुद्ध चढत राहील. कुठलीही खिडकी जिंको, पैसे करदात्याचे आणि खातं जमीनमालकाचं!