चाहता : निगा, साठवण व वापर

महिला कॉलेज बास्केटबॉलचा एखादा चाहता घरात असेल, तर पुढील सूचना एप्रिल उजाडण्याआधी वाचून ठेवाव्यात. सूचना म्हैसूरच्या हवेसाठी आहेत. नमुना म्हणून आमचे हे घेतले आहेत : सीएफटीआरआय या इथल्या अन्नसंशोधन संस्थेतून निवृत्त, सारी हयात खाद्यपदार्थ टिकवण्याच्या शास्त्रात गेलेली, आणि त्यामुळे संपलेला मोसमही टिकवता येतो अशी ठाम समजूत.

सर्वप्रथम मोसम संपला हे चाहत्याकडून वदवून घ्यावे. हे अवघड आहे, कारण त्याचे मोसम दोन. एक इथला. आंतरकॉलेज सामने होतात, विद्यापीठाचा संघ दक्षिण विभागाच्या स्पर्धेला जाऊन येतो, आणि मुली परीक्षेला बसतात. दुसरा अमेरिकेतला, नोव्हेंबर ते एप्रिलचा पहिला आठवडा. बंगळुरूची संजना रमेश शिष्यवृत्तीवर नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात खेळायला गेली. ती एकटी तिकडे गेली, पण तिकडचा अख्खा मोसम आमच्या दिवाणखान्यात आला. तिथला अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर लागतो. २०२४मध्ये साउथ कॅरोलायनाने आयोवाला ८७-७५ हरवलं. आयोवाच्या केटलिन क्लार्कचा कॉलेजातला तो शेवटचा सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ९० लाख लोकांनी पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षाही जास्त. त्या आकड्यात आपल्याला धरलेलं नाही, ही ह्यांची खंत. सकाळी पाडव्याची खरेदी होती. देवराज मार्केटात झेंडूच्या ढिगापाशी हे उभ्या उभ्या झोपले.

त्यानंतरचे पंधरा दिवस चाहत्याशी बदलीचा विषय काढू नये. अमेरिकेत मोसम संपताच खेळाडू नाव नोंदवून सरळ दुसऱ्या विद्यापीठात जातात; त्याला ट्रान्स्फर पोर्टल म्हणतात. रोज सकाळी कॉफी गाळता गाळता कोण कुठे गेली याची यादी ऐकावी लागते. ‘निष्ठा म्हणून काही राहिलीच नाही,’ असं हे एकदा म्हणाले. संस्थेच्या लखनौच्या केंद्रावर बदली होऊ नये म्हणून ज्यांनी एके काळी सासऱ्यांच्या रक्तदाबाचं सर्टिफिकेट जोडलं, त्यांनी हे म्हणावं! पोरींना जिथे खेळायला मिळेल तिथे त्या जाणार. बरोबरच आहे त्यांचं.

आंब्याच्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर एका वेळी चारच आंबे ठेवावेत. पाच ठेवले की त्यांचा संघ होतो. दोन पुढे, तीन मागे अशी ती मांडणी, म्हणजे झोन बचाव. लिंबू हा चेंडू. लिंबू कोपऱ्यात गेलं की मागचा कडेचा आंबा बाहेर सरकतो, मधला त्याची जागा झाकतो आणि वरची मोकळी जागा उघडी पडते. तिथे उभी राहून शांतपणे फेकणारी मुलगी असली की झोन संपला. हे सगळं खरं आहे, मला आता झोपेतही सांगता येईल. पण मधला बदामी पिकलेला होता, आणि तो मी पाहुण्यांसाठी ठेवला होता.

लग्नकार्यात चाहत्याला वधूपक्षाजवळ बसवू नये. गेल्या मे महिन्यात ह्यांनी नवरीच्या धाकट्या बहिणीला आपादमस्तक न्याहाळून ‘पाच फूट दहा, डावखुरी, पीयूसी झालं का?’ असं विचारलं. (पीयूसी म्हणजे इथली बारावी.) तिच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. ऑफसिझनमध्ये कॉलेजची प्रवेशप्रक्रिया चालते, जुन्या मुली पदवी घेऊन जातात, संघाला उंच सेंटर हवी असते, हे त्या माउलीला कसं कळावं? घरी येताना रिक्षात मी एवढंच म्हटलं, की सलग १११ सामने जिंकलेल्या कनेक्टिकटला २०१७मध्ये जादा वेळेत, शेवटच्या क्षणी ज्या मॉर्गन विल्यमने हरवलं, ती पाच फूट पाच इंचांचीच होती. हे बराच वेळ गप्प होते.

जुने सामने दाखवण्यास हरकत नाही. आवाज मात्र बंद ठेवावा. पावसाळ्यासाठी २०१७चा आशिया कप उत्तम. तो बंगळुरूला कांतीरवा स्टेडियमवर जुलैमध्येच झाला होता. ब गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ हरवलं, आणि अ गटात जपानने ऑस्ट्रेलियाला ७४-७३. एक दोन गुणांनी, एक एका गुणाने. निकाल ठाऊक असूनही शेवटच्या मिनिटाला हे अजून उठून उभे राहतात आणि कन्नडात ‘हाकम्मा, हाकम्मा’, म्हणजे ‘टाक गं, टाक’, असं ओरडतात. शेजारच्यांना वाटतं, मी ह्यांना वाढत नाही.

चाहत्याने रेफरींबद्दल व्याख्यान सुरू केल्यास १८९६ची आठवण द्यावी. स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांच्या मुलींचा पहिला आंतरविद्यापीठ सामना तेव्हा झाला. निकाल २-१. पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, म्हणजे व्याख्यान द्यायला ह्यांना आतच सोडलं नसतं.

व्यायाम : चामुंडीच्या पायऱ्या. नंदीपर्यंत पुरे. आषाढातले शुक्रवार टाळावेत, गर्दीत हे उंच मुली शोधतात.

आता चेंडू. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, परीघ साधारण साडेअठ्ठावीस इंच. पुरुषांचा सात नंबरचा, एक इंचाने मोठा. तरी कॉलेजं मुलींच्या हाती खुशाल सातचा टेकवतात आणि मग म्हणतात, फ्री थ्रो का चुकतात. चाहत्याने ऑफसिझनमध्ये सहाचा एक चेंडू विकत घेऊन संघाला द्यावा. हवा भरताना सुई ओली करावी, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. चेंडू गच्चीत उन्हात ठेवू नये. आमच्याकडे तो देवघराखालच्या कपाटात असतो, आणि गणपतीत मखराचं सामान काढताना घरंगळत बाहेर येतो.

जाळीचंही तेच. पावसाने ती कुजते. कॉलेजच्या कोर्टावर मे महिन्यात स्कूटर लागतात, तिथे जाळीची आठवण कोणाला होणार? म्हणून ऑगस्टमधल्या एखाद्या कोरड्या रविवारी हे नवी जाळी घेऊन जातात. रिंग दहा फुटांवर, जाळी बारा ठिकाणी अडकवायची, आणि ह्यांचे गुडघे हे असे. शिडी मी धरते. धरताना बोलते पण भरपूर. सामन्याला प्रेक्षक असतात तरी किती? प्रशिक्षक, मोबाइलमध्ये बघणाऱ्या दोन मैत्रिणी, वॉचमन, एक कुत्रं. हे गेले नाहीत तर कोर्टावरच्या मुलीला ते लगेच कळतं. ‘अंकल बंदिल्ला?’, अंकल आले नाहीत?, असं त्यांच्यातल्या एकीने मला मार्केटात विचारलं होतं, ह्यांना ताप होता तेव्हा. मी घरी जाऊन सांगितलं नाही. ताप असून निघाले असते.

नवरात्र जवळ आलं की चाहता आपोआप सुधारतो, कारण दसऱ्याच्या क्रीडास्पर्धा चामुंडी विहार स्टेडियमवर सुरू होतात. याच सुमारास पुण्याहून पाहुणे येतात. त्यांची सोय चाहत्यावर सोपवू नये. मागच्या वेळी ‘दसरा दाखवतो’ म्हणून हे माझ्या नणंदेच्या कुटुंबाला सकाळीच घेऊन बाहेर पडले आणि दुपारी परत आणलं, तेव्हा त्यांना राजवाडा कुठे आहे हे माहीत नव्हतं, पण पाचव्या फाऊलनंतर खेळाडूला बाहेर जावं लागतं हे पक्कं झालं होतं. जंबो सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, पाहायची असल्यास पाहुण्यांनी रिक्षा स्वतंत्र करावी. भाडं मी देईन.