रात्रीची लाईट

रब्बीत जाफराबाद तालुक्यातल्या कुठल्याही पारावर बसा, एकच रडगाणं कानावर येतं. शेतीची लाईट रात्रीची. थंडीत चिखलात उभं राहायचं, बॅटरी दातात धरायची, एका हातानं बारं मोडायचं आणि दुसऱ्या हातानं रानडुकराला घाबरवायचं. कुणी म्हणून त्या पाळीचं नाव काढत नाही. आमच्या टेंभुर्णीत मात्र यंदा एक गडी असा निघाला, की रात्रीची लाईट कधी येते याची वाट बघतो. घरात दीड महिन्याचं लेकरू आहे.

बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. एरवी माहेरची माणसं लेकीला तीन महिने हलू देत नाहीत. यांनी सव्वा महिना भरला त्याच आठवड्यात साडीचोळी करून, गाडी करून, डिंकाच्या लाडवांचा डबा देऊन पाठवणी केली. संशय तेव्हाच यायला हवा होता.

दिवेलागणीला लेकरू सूर लावतं. पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, लालबुंद होतं, आणि साडीच्या झोळीत घाला की खांद्यावर टाका, बारा-एकपर्यंत ऐकत नाही. सकाळी आठला तेच लेकरू न्हाऊन, धुरी घेऊन, गालाला तीट लावून असं हसतं, की रात्रीची हकीगत सांगणारी बाई खोटी ठरावी. बाप त्याला नेमका आठला घेतो. म्हणून बापाचं मत : ‘‘लेकरू गुणाचं आहे, हिला धरता येत नाही.’’ आईचं मत : ‘‘लेकरू कसलं, टोळीवरचा मुकादम आहे.’’ दोघंही डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतात, त्यामुळे भांडण मिटत नाही.

आत्याबाईंनी सहाण काढली. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, आणि झोपेसाठी जायफळाचा एक वेढा जास्तीचा. बापानं मेडिकलमधून ग्राइप वॉटर आणलं. हे पाणी 1851 सालचं, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याचं. जुन्या नुस्ख्यात चक्क दारूचा अंश असायचा, आता नसतो. हे बापाला कळलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसलं ते लेकरासाठी होतं असं समजू. आई एकटीच म्हणत होती, की आशाताईंनी सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय थेंब द्यायचा नाही म्हणून सांगितलंय. तिचं बरोबर होतं. तिचं ऐकलं मात्र कुणी नाही, कारण तेव्हा लेकरू रडत होतं आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

डॉक्टरी पुस्तकात या रडण्याला तीनाचा पाढा आहे. मॉरिस वेसेल या अमेरिकन डॉक्टरांनी 1954 मध्ये तो मांडला : धडधाकट, पोटभर पिणारं बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त रडलं, की ते ‘कोलिक’. कारण अजून कुणाला धड सापडलेलं नाही. दोन-तीन आठवड्यांचं असताना सुरू होतं, सहाव्या आठवड्यात टिपेला जातं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप विझतं. (ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, पिणं सोडलं असेल, तर हा पाढा गुंडाळून थेट दवाखाना गाठायचा.)

आता आपला हिशेब बघा. आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ही पद्धत आपल्याच गडचिरोलीची, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या नवराबायकोची. घरच्या घरी नवजात बाळांचे जीव कसे वाचवता येतात ते त्यांनी 1999 मध्ये जगाला दाखवलं आणि पुढे देशानं ते उचललं. त्याला हात जोडावेत. पण बेचाळिसावा दिवस म्हणजे सहावा आठवडा. ताई आल्या, वजन केलं, काखेत थर्मामीटर लावलं, बाळ झकास म्हणून शेवटची खूण केली. पुढची ठरलेली घरभेट तिसऱ्या महिन्याला. मधला मुलूख नवराबायकोनं आपापसात लढून काढायचा. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. बाळ जन्मताच घेतली, तर ती संपते तेव्हा रडणं सुरू होतं. शेतकरी बापाला तीही नाही. त्याची रजा म्हणजे रात्रीची लाईट.

‘अवघड बाळ’ हा शब्दही एका नवराबायकोनंच रूढ केला. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 पासून शंभरावर मुलं लहानपणापासून वर्षानुवर्षं पाहिली. सुमारे 40 टक्के सोपी, 10 टक्के अवघड, आणि हे पिंडातच असतं, असं त्यांनी मांडलं. बाईंना याचा भारी राग, की मूल जरा वाकडं वागलं की डॉक्टरसुद्धा आईकडे बोट दाखवतात. फ्रेंचमध्ये बोट लागण्याला ‘मल द मेर’ म्हणतात. त्यातल्या समुद्राच्या जागी त्याच उच्चाराची आई बसवून त्यांनी 1964 मध्ये या खोडीचं बारसं केलं. आपल्याकडे गाडी लागते, तशी ही आई लागते. टेंभुर्णीत ती न्यूयॉर्कपेक्षा जोरात लागते. ‘‘तू वांगं खाल्लं असशील.’’ ‘‘कानाला रुमाल बांधला नसशील.’’ ‘‘आमच्या घराण्यात कुणी असं रडकं नव्हतं.’’ बापानं काय खाल्लं होतं ते कुणी विचारत नाही.

तर गेल्या आठवड्यात पाळी बदलली. लाईट दिवसाची आली. अख्खं गाव खूश, पारावर चहा फिरला. आमचा गडी तेवढा खाली मान घालून बसलेला. रात्री बायकोनं लेकरू त्याच्या हातात दिलं, ‘‘धरा, तुम्हाला येतं ना,’’ म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन पाठ टेकली.

पहिल्या रात्री त्यानं अंगणात फेऱ्या मारल्या. चालत राहिलं की लेकरू गप्प, थांबलं की चालू. (घेऊन चाललं की बाळाच्या छातीचे ठोकेसुद्धा संथ होतात, हे जपानी संशोधकांनी 2013 मध्ये मोजून दाखवलं. थांबायचं कसं, हा त्याचा प्रश्न.) दुसऱ्या रात्री त्यानं मोटारसायकल नुसती चालू करून बघितली. शेजारच्या तीन घरांत दिवे लागले. लेकरू मात्र इंजिनाच्या वर आवाज काढत होतं.

तिसऱ्या रात्री साडेअकराला माझी झोप मोडली. भिंतीपलीकडं तो येरझाऱ्या घालत फोनवर बोलत होता. पलीकडं चुलतभाऊ असावा, त्याचं रान दुसऱ्या फिडरवर आहे.

‘‘तुमच्याकडं या आठवड्यात रात्रीचीच आहे ना रे?’’ तो दबक्या आवाजात विचारत होता. ‘‘तू झोप निवांत. तुझ्या हरभऱ्याला पाणी मी देतो.’’