सेटिंगवाले भाऊ

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा गावांत फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत पडदा ओढून बसणारा, पन्नाशी उलटलेला गृहस्थ म्हणजे सेटिंगवाले भाऊ. ऐन उमेदीत त्यांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन लग्ने टिपली, हॅलोजनच्या झोताने नवऱ्या मुलींना घाम फोडला आणि अंतरपाट धरलेला असताना भटजींना ‘जरा थांबा जी’ म्हणण्याचा मान भोगला. आता तीच लग्ने व्हीएचएस क्यासेटींवरून कॉम्प्युटरवर उतरवून देणे हा त्यांचा धंदा आहे. स्वभाव मात्र मांडवातलाच राहिला. भाऊंची सेटिंग झाल्याशिवाय काहीही सुरू होत नाही.

त्यांच्या कॉम्प्युटरला झाकण नसते. उघड्या पोटावर टेबल फॅनचा वारा असतो आणि आत विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल 2014 साली सोडली, ती भाऊंनी पुढे चालवली. हा हट्ट वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. क्यासेटीचे चित्र कॉम्प्युटरात घेणाऱ्या त्यांच्या कॅप्चर कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कोणी लिहिलाच नाही, आणि 64 बिटांचे नवे विंडोज सही नसलेला ड्रायव्हर दारातूनच परत पाठवते. त्या ड्रायव्हरची सीडी भाऊ सातबाऱ्याबरोबर कपाटात ठेवतात. पुतण्याने एकदा कौतुकाने विंडोज 10 टाकून दिले, तेव्हापासून त्याला त्या खोलीत फक्त चहा घेऊन येण्याची मुभा आहे.

स्क्रीन काळी राहून नुसती शिटी वाजू लागली की भाऊ ‘कायले’ असे स्वतःशीच पुटपुटत रॅम उपसतात. शाळकरी खोडरबराने तिचे सोनेरी दात हलक्या हाताने घासायचे, फुंकर मारायची आणि दोन्ही कानांचा टक् असा आवाज येईपर्यंत ती खोबणीत दाबायची. इंजिनिअर मंडळी या उपायाला हसतात. पण दातांवर धरलेली काजळी निघते आणि कॉम्प्युटर सुरू होतो, त्यामुळे हसणाऱ्यांचेच कॉम्प्युटर शेवटी भाऊंकडे येतात.

रॅमवर त्यांची श्रद्धा मात्र जरा जास्तच आहे. चित्रातल्या फ्रेमा गळू लागल्या की ते रॅम वाढवतात. 4 जीबी बसवली, तर 32 बिटांच्या एक्सपीने सव्वातीनच्या आसपासच दाखवली, कारण उरलेले पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि इतर कार्डांच्या नावे राखून ठेवलेले असतात. भाऊंनी संशय दुकानदारावर घेतला. वास्तविक पॅल पद्धतीचे 720 बाय 576 ठिपक्यांचे चित्र सेकंदाला 25 फ्रेमा या गतीने न दाबता घेतले, तर सेकंदाला सुमारे 20 एमबी होते. एवढा लोंढा रॅममध्ये किती वेळ तुंबवणार? तो हार्ड डिस्कनेच उचलावा लागतो. आणि डिस्क वारंवार चुकली की एक्सपी तिला डीएमए या वेगवान चालीवरून गुपचूप पीआयओ या संथ चालीवर आणते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कचा आयडीई चॅनल काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की गाडी रुळावर येते. भाऊही नेमके हेच करतात, फक्त श्रेय नव्या रॅमला देतात.

कॅप्चर कार्ड पंगतीतल्या जावयासारखे असते, मानाची जागा मिळाली नाही की रुसते. ग्राफिक्स कार्डाला लागून असलेल्या खोबणीत ते बसवले, तर बहुतेक बोर्डांवर दोघांच्या वाट्याला प्रोसेसरला हाक मारायचा एकच आयआरक्यू येतो आणि ऐन वरातीत स्क्रीन गोठते. कार्ड दोन घरे खाली सरकवले की भांडण मिटते.

यूएसबीला लावायच्या ‘इझीकॅप’ या स्वस्त कॅप्चर डबीचे दुखणे वेगळे. डबी, रंग, वायरी सगळे सारखे, पण आतली चिप कधी एका कंपनीची तर कधी दुसरीची, आणि प्रत्येकीचा ड्रायव्हर निराळा. डिव्हाइस मॅनेजरमधले पिवळे उद्गारचिन्ह पाहून भाऊ पेचकस काढतात, डबी उघडतात आणि भिंगाखाली चिपचा नंबर वाचतात. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या वैद्याचे गांभीर्य येते. गिऱ्हाईक विचारते, ‘काहून जी, झाली का आमची क्यासेट?’ उत्तर ठरलेले, ‘ड्रायव्हर नाही घेऊन राह्यला जी.’

क्यासेट उतरवायला ती जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो. तीन तासांच्या लग्नाला तीन तास. तेवढा वेळ माऊसला हात लावायचा नाही, मोबाइल कॉम्प्युटरजवळ ठेवायचा नाही आणि मोठ्याने बोलायचे नाही. यातला शेवटचा नियम शास्त्राला माहीत नाही. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला साधारण 13 जीबी जागा जाते. डिस्क फॅट 32 मध्ये असेल, तर 4 जीबीला, म्हणजे विसाव्या मिनिटाच्या आत फाइल थांबते आणि नवरी हळदीतच राहते. डिस्क एनटीएफएस करून घेतली तरी लाईन जाण्यावर इलाज एकच, यूपीएस, आणि त्याची बॅटरी बदलायची भाऊंची गेली कित्येक दिवाळ्यांची इच्छा आहे.

गिऱ्हाईक बहुधा नवरा-नवरीला पाहायला येतच नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्यांना मांडवामागचे घर आणि गल्ली पाहायची असते. ‘वऱ्हाड राहू द्या जी, तो उजवीकडचा ओटा दाखवा,’ असे म्हणणाऱ्यासाठी भाऊ क्यासेट मागे घेतात आणि त्याचे पैसे लावत नाहीत. पाकिटांवरची नावेही बदलून घ्यावी लागतात. 1 मे 1999 पूर्वीच्या गोंदियाकडच्या लग्नांवर ‘जि. भंडारा’ असेच लिहिलेले असते, आणि व्याही त्यावर हटकून हरकत घेतात.

काम झाले की पेन ड्राइव्ह दिला जातो. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तो परत आणते, कारण घरच्या टीव्हीवर फक्त आवाज येतो. मग भाऊ ती फाइल एमपी 4 करतात. त्याचे पैसे वेगळे.